दीड फूट जोतं

देवळी
ता. ९ फेब्रुवारी १९८२

चि. कोकिळा हिले यशोदेचा आशीर्वाद.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र चुलीत टाकशील असं वाटते. टाकजो, पण आंधी वाच. कामाचं आहे. कार्ड न लिहिता पाकीट केलं, कारण कार्ड तुझ्या भावाच्या घरात सगळेच वाचतील.

मालक जाऊन दीड वर्ष झालं. वाटणीत राहतं घर बापूरावभाऊजीकडे गेलं. आपल्याकडे राह्यला गुरांचा कोठा अन् त्याच्यापुढची मोकळी जागा. ती जागा मालकानं जायच्या आंधी आपल्या दोघीच्या नावावर लावली. मले तेव्हा हसूच आलं. आपण सवती, सात वर्षं एकमेकीचं तोंड पाह्यलं नाई, अन् हा माणूस आपल्याले एका कागदावर बांधून गेला.

मालकाच्या दुखण्यात मले घरात एक खोली भेटली होती. आता भाऊजीच्या पोराचं लग्न आहे. ते म्हणाले, "वयनी, खोली मोकळी करा." मी करून देली अन् पुन्हा कोठ्यात आली. बैल विकले, गाय विकली, कुटार संपलं. गुरं गेल्यावर कोठा केवढा मोठा दिसते, तुले सांगू नाई शकत.

माझ्या मनात असं आहे, की कोठ्याच्या मधात भिंत घालून दोन घरं काढायचे. एक माझं, एक तुझं. दार वेगळं, चूल वेगळी. माझे माहेरचे सोन्याचे गोट मोडले, तेवढ्यात होते. हिंगणीले तू भावाच्या घरी कशी राहतं, ते बाजाराले येणारे लोक सांगतात. मी कोणाले विचारत नाई, तेच सांगतात. तू इथून पोटुशी गेली, ती सुली आता सात वर्षाची झाली असंल. मी तिले पाह्यलं नाई.

पण नगर कमेटीची मंजुरी लागते. कमेटीच्या दप्तरी तो गुरांचा कोठा आहे. माणसाले राह्यासाठी त्याचं घर करायचं तर नकाशा द्या, नियमानं बांधा, मग राहा. प्रभाकरराव म्हणून नवे ओव्हरसियर आलते. सभ्य माणूस आहे. टेप लावून सारं मोजलं. मग विचारलं, "बाई, याआधी इथं कोणी राहत होतं का?"

मी म्हणलं, "गुरं."

"माणसं?"

मी गव्हाणीवरची धूळ झाडाले लागली. त्याईनं लिहून घेतलं, की इथं माणसाचा राहता वापर नव्हता. मले मूल झालं नाई म्हणून मालकानं तुले करून आणलं, त्या दिवसापासून मालक आजारी पडेपर्यंत मी त्याच कोठ्यात राह्यली, हे त्या परक्या माणसाले काऊन सांगू? तुले माहीत आहे. गावाले माहीत आहे.

मग ते भिंतीपाशी वाकले. म्हणाले, "जोतं उचलावं लागेल. जमिनीपासून दीड फूट. मुरूम भरा, फरशी टाका, भिंतीतली भोकं बुजवून गिलावा करा. नियमच आहे. नाही तर साप-विंचू आत येतात."

मी पाणी प्याले बाहेर गेली.

सोबत अर्ज आहे. त्याच्यावर दोघीच्या सह्या पाहिजे. माझी केली, तुझी करून पाठव. बाकी काई मागत नाई. जी गेली तिचं नाव मी ह्या पत्रात काढलं नाई, हे तुले समजलं असंल.

यशोदा


देवळी
ता. २१ मार्च १९८२

कोकिळा,

तुझी सही पोचली. तानबा मिस्त्रीची लेक हिंगणीले देली, हे बरं झालं. त्याच्याच हातून तू कागद धाडला. कागदासोबत निरोपही धाडला. तानबा बिचारा सांगता सांगता खाली पाहत होता. "बाईले म्हणा, सही घ्या अन् मले परत लिहू नका. अन् विचारा, त्या जागी त्याईले झोप कशी लागते?"

तू विचारलं म्हणून लिहिते. नसतं विचारलं तर लिहिलं नसतं.

रात्री झोप लागते. दुपारी नाई लागत.

तुझी वेणू जाऊन तेरवी झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट आहे. तू तेव्हा घरात भिंतीकडे तोंड करून पडून राहत होती. मी कोठ्यात बैलाले सरकीची ढेप घालत होती. दोन्ही बैलांनी एकदम मान वर केली अन् कोपऱ्याकडे पाह्यलं. गाय उठून उभी राह्यली. मग मले आवाज आला. "मोठाई, पाणी."

तिचाच होता. ती मले मोठी आई म्हणत नव्हती, दोन्ही शब्द एकात करून मोठाई म्हणे, ते दुसऱ्या कोणाले जमत नाई. मी भरला लोटा नेऊन कोपऱ्यात ठेवला. गाय पुन्हा बसली.

तेव्हापासून हे चालू आहे. रोज नाई. उन्हाळ्यात जास्त. कधी महिना महिना काई नाई, मग सलग दोन-तीन दुपारी. मी मालकाले एकदाच सांगतलं. त्याईनं ऐकलं, पागोटं घातलं अन् वावरात निघून गेले. अंधार पडला तरी आले नाई. पुन्हा मी सांगतलं नाई.

तू म्हणशील, बाई म्हातारी झाली, हिचं डोकं फिरलं. असंल. पण मी चौथी पास आहे, मले भुताखेताचं वेड कधी नव्हतं. पौषात सगळ्या बाया अंगात आलेल्या बाईच्या पाया पडाले जात, मी जात नव्हती. तुले हेही माहीत आहे.

मी तिले तुझ्यापासून तोडलं, असं तू भरल्या अंगणात म्हणली होती. मी तोडलं नाई, कोकिळा. ती येत होती. जेवणाची ताटली घेऊन मागच्या दारानं येत होती अन् गव्हाणीत बसून जेवत होती. तू हाक मारली की मी म्हणत होती, "जाय वो, माय बोलावते." ती तोंडावर बोट ठेवत होती. मी काय करत? तिचं तोंड दाबून उचलून नेऊन देत?

प्रभाकरराव म्हणाले, पंधरवड्यात मंजुरी येईल. प्रत्येक घराले दोन खिडक्या लागतील, संडास विहिरीपासून दूर लागंल. तुझ्या घराची एक खिडकी उगवतीकडे ठेवाले सांगतली आहे.

तू लिहू नका म्हणलं. हे शेवटचं समज.

यशोदा


देवळी
ता. ३० एप्रिल १९८२

कोकिळा,

शेवटचं म्हणलं होतं, पण आता मले तुझ्याशिवाय कोणी नाई. हे पत्र एकटी असताना वाच. अक्षर लावाले वेळ लागला तरी दुसऱ्याच्या हाती देऊ नको.

मंजुरी आली. तानबानं गव्हाणी फोडल्या, खुंटे उपटले. मधातली भिंत कमरेपर्यंत आली. मग मुरूम भराले घेतला. पहिला थर टाकला, पाणी मारलं, अन् तानबा धुम्मस घेऊन ठोकाले लागला. मी भिंतीवर पाणी मारत होती. दुपारची वेळ होती.

तानबाचा हात थांबला. त्यानं इकडंतिकडं पाह्यलं. "बाई, कोणाची पोट्टी आली का आत?"

मी म्हणलं, "काऊन?"

"आवाज आल्यासारखा वाटला."

"कुठून?"

तो धुम्मसाकडं पाहत राह्यला. मले कळलं, कारण मी पण ऐकलं होतं. कोकिळा, आतापर्यंत हाक येत होती ती माणूस बसल्यावर जेवढ्या उंचीवरून येते, तिथून येत होती. ह्या वेळी खालून आली. मुरुमाखालून. दाबल्यासारखी.

मी काम बंद केलं. तानबा धुम्मस टाकून गेला तो दोन दिवस आला नाई. मी हातानं त्या कोपऱ्यातला मुरूम उपसून काढला. मग कमेटीत गेली. प्रभाकररावाले म्हणलं, "साहेब, सगळीकडं दीड फूट भरते. एक कोपरा तेवढा जुन्या जमिनीवर राहू द्या. खाटेएवढा."

ते म्हणाले, "कशासाठी?"

मी म्हणलं, "असाच, साहेब."

"बाई, घरात खड्डा ठेवून घर पास होत नाही. पाणी साचेल, जनावर येऊन बसेल. उद्या काही झालं तर मला विचारतील. मी सही करणार नाही." अन् पुढं म्हणाले, "लेकरं असतील ना घरात?"

तो माणूस बरोबर बोलून राह्यला, हेच मले सहन होत नव्हतं. त्याचा नियम तेव्हा कोणी ह्या भिंतीले लावला असता, तर आज वेणू चवदा वर्षाची असती.

त्या दिवशी काय झालं, ते तुले कोणीच धड सांगतलं नाई. तू महालक्ष्मीच्या ओटीले शेजारी गेलती. वेणू पोत्याच्या फारीवर माझ्याजवळ निजली होती, हात भिंतीकडं टाकून. मी सरकी निवडत होती. ती उठली अन् पाणी मागतलं. मले वाटलं, उन्हाचं. मी लोटा तोंडाले लावला. पाणी आत गेलं नाई, हनुवटीवरून खाली आलं. डोळ्याच्या पापण्या तिले उचलता येत नव्हत्या. मग मी तिचा हात पाह्यला. भिंतीतल्या भोकातून शेपटी आत जाताना मी डोळ्यानं पाह्यली. तिले उचलून मी उघड्या डोक्यानं दवाखान्याकडं पळाली. चौकापर्यंत गेली तेव्हा ती माझ्या खांद्यावर जड झाली. एवढंच आहे. मी तिले काई खाऊ घातलं नव्हतं, काई केलं नव्हतं. मालकाले दोष देऊ नको, ते गेलेले माणूस आहेत. भोकं सगळ्याच कोठ्याले असतात.

आता मी काय करू? भरलं तर तिले पुरल्यासारखं होते. न भरलं तर घर होत नाई, अन् पावसाळ्याच्या आंधी छप्पर नाई झालं तर मी कुठं जाऊ, तू कुठं जाशील?

तू तिची माय आहेस. तू सांगतलं तर ती ऐकंल. एकदा ये. माझ्यासाठी नको येऊ.

यशोदा


देवळी
ता. १९ मे १९८२

कोकिळा,

तू येऊन गेली त्याले आठ दिवस झाले. तू होतीच, मग लिहाचं काय? पण तू होती तेव्हा मले बोलता आलं नाई. तू एवढं बोलली अन् मी दगडासारखी बसली. गाडी निघून गेल्यावर मले सगळे शब्द आले.

तू बसमधून उतरून आली, दाराशी उभी राह्यली, मी देलेलं पाणी घेतलं नाई. सुलीचा हात माझ्या हाती देला. देलाच म्हणावं, तुले कदाचित कळलंही नसंल. अन् सरळ त्या कोपऱ्यात जाऊन उपसलेल्या जमिनीवर पालथी पडली, कान जमिनीले लावून. मी उंबरठ्यावर बसली. लेकरू म्हणे, "आई काय ऐकते?" मी म्हणलं, "तिच्या पोटात दुखते, निजू दे." सुली तुझ्यावर गेली आहे. हनुवटी मालकाची आहे.

किती वेळ तू तशी पडून होती. उन्हं भिंतीवर चढली. मग तू मान वर करून मले विचारलं, "आली का?" मी म्हणलं, "नाई."

आली होती, कोकिळा. तुझ्या कानाखालूनच आली. मी स्पष्ट ऐकली. तू तिच्यावर निजली होती, तिची जन्माची माय, अन् तिनं मले हाक मारली. हे मी तुले कोणत्या तोंडानं सांगू? म्हणून नाई म्हणलं. तुनं माझ्या तोंडाकडं पाह्यलं अन् तुले कळलं. मग तू उठून बसली अन् केवढ्यानं ओरडली. "मले काऊन नाई मारत हाक? मी नऊ महिने वागवली तिले. मले काऊन नाई?" सुली घाबरून माझ्या मांडीत शिरली.

अन् मग तू ते सांगतलं.

मी तुले लिहिलं होतं, भोकं सगळ्याच कोठ्याले असतात. तू म्हणली, "खोटं काऊन लिहिलं, बाई? मले सारं माहीत आहे. तुमी मालकाले म्हणल्या होत्या, भिंतीत जनावर दिसलं, गवंड्याले बोलवा, पोरगी येऊन निजते. मी पलीकडं भाकर टाकत होती. मालक म्हणले, गुरं राह्यते तिथं, माणसं थोडीच राह्यते. तुमी गप बसल्या. अन् मी हसली. भाकर हातात अन् मी हसली, बाई. मले लय बरं वाटलं होतं तेव्हा. अन् मग माझीच पोरगी गेली. मग मी कोणाच्या नावानं ओरडू? मालकाच्या घरात राह्याचं होतं. म्हणून तुमच्या नावानं ओरडली."

एवढं बोलून तू पदर तोंडात कोंबला.

तेव्हा जे मले बोलता आलं नाई, ते आता लिहिते. तुझं हसू मी तेव्हाच ऐकलं होतं. मधात कुडाची भिंत होती, काय अडवणार? मले वाईट वाटलं, अन् दुसऱ्या दिवशी मी विसरली. तुझं वय केवढं होतं! मालक तुले पोट्टीसारखं वागवत अन् तू पोट्टीसारखीच होती. त्या हसण्यानं भोक पडलं नाई, ते आंधीच पडलं होतं. पुढं मालक माझे पाय धरून म्हणाले, "कोकिळेले सांगू नको, मी नाई म्हणलं होतं." ते मरेपर्यंत मी सांगतलं नाई. तू माझ्या नावानं ओरडत होती अन् ते ओसरीवर बसून ऐकत होते. त्याईनं एक शब्द काढला नाई. त्याचा राग मले आजही येते. मेलेल्या माणसाचा राग धरू नाई म्हणतात, पण येते.

जाताना तू पुन्हा वाकली. ह्या वेळी कान नाई लावला, तोंड लावलं. "वेणू, चाल वो माय. इथं आता फरशी टाकाची आहे. माझ्यासंग चाल." मग दाराबाहेर थांबलेल्या तानबाले म्हणली, "भरा, भाऊ. मी माय आहे, मी सांगून राह्यली." सुलीले घेऊन मागं न पाहता निघून गेली. तुले पोचवाले मी गावच्या येशीपर्यंत येत होती, तू हातानंच नको म्हणलं.

तानबानं भरलं. मी समोर उभी राह्यली. काई आवाज आला नाई.

यशोदा


देवळी
ता. २ डिसेंबर १९८२

कोकिळा,

पावसानं दोन महिने काम रखडलं, मग दिवाळीच्या आंधी उरकलं. वर नवे कवेलू, खाली फरशी, भिंतीले चुना. दोन दारं, चार खिडक्या. ज्या कोपऱ्यात जन्मभर उजेड पडला नाई, तिथं आता सकाळी ऊन येऊन बसते. ज्याले त्याले कौतुक वाटते. बापूरावभाऊजी येऊन पाहून गेले, म्हणाले, "वयनी, आमच्या घरापेक्षा बरं झालं." मी माझ्याकडच्या घरात राहून राह्यली. तुझ्याकडचं झाडून बंद ठेवते.

अन् मी झोपत नाई. आता रात्रीही नाई.

तू गेल्या दिवसापासून हाक आली नाई. पहिले वाटलं, बरं झालं, लेकराले मोकळीक भेटली. मग भादवा गेला, कुवार गेला. मी लोटा भरून ठेवते, संध्याकाळी तो तसाच झाडाले ओतते. भांडं पडलं तरी दचकते. फरशीवर अंग टाकून पाह्यलं, तुझ्यासारखं. थंड लागते, बस. आठ वर्षं जी दुपार मले भिववत होती, तिच्यासाठी मी जीव धरून होती हे मले घर पुरं झाल्यावर समजलं.

मग तुझं कार्ड आलं. मोठ्या मोठ्या अक्षरात, तुझ्याच हातचं. "बाई, वेणू इथं आहे. दुपारी येते. मले आई म्हणते."

खरं लिहू? मी ते कार्ड चार दिवस फळीवर पालथं घालून ठेवलं. तुझ्यावर जळली. तुझं लग्न झालं तेव्हा जळली नाई एवढी जळली. मनात म्हणलं, हिनं मालक नेला, घर नेलं, आता पोरगीही नेली. लिहाले लाज वाटते, पण तू मले भाकरीची गोष्ट सांगतली, मग मी काऊन लपवू?

आज मी मुद्दाम हे लिहिते, त्याले कारण आहे. तानबा कालच लेकीकडून आला. म्हणे, तू दुपारची एकटीच बोलते, म्हणून तुझ्या वयनीनं हट्ट धरला. अमावस्येले कोणी बाहेरचा माणूस बोलावून तुझ्यावर बसलेलं काढून टाकणार, बाटलीत भरून जंगलात पुरणार. तुझा भाऊही हो म्हणला. तू नुसती बसून राह्यली, असं तानबा म्हणे.

कोकिळा, त्या माणसाले तुझ्या केसाले हात लावू देऊ नको. तिले एकदा पुरता पुरता राह्यलं. तुले घर आहे. तुझ्या नावाचं आहे, कोणाच्या मेहेरबानीचं नाई. मी तुझ्या घरात पाय ठेवणार नाई, तुझ्या चुलीकडं पाहणार नाई. ती तुले आई म्हणते तर म्हणू दे. मले एक शब्द नाई बोलली तरी चालते. पलीकडं आहे एवढं कळलं तरी पुरे.

अमावस्येच्या आंधी नीघ.

यशोदा


देवळी
ता. १० जानेवारी १९८३

चि. कोकिळा हिले आशीर्वाद. सुलीले पापा.

तुझा निरोप तानबानं आणला. अमावस्येच्या दिवशी तू दाराले आतून कडी घालून सुलीले घेऊन बसली, अन् तो माणूस अंगणात ओरडून ओरडून दक्षिणा घेऊन गेला, हे ऐकून मी किती हसली! तानबाही हसला. मले वाटलं नव्हतं, तू अशी निघशील.

संक्रांतीनंतर येतो म्हणलं, ते पक्कं समजते. भाऊ गाडी जुंपून देत नाई तर नको देऊ दे. सकाळच्या बसनं वर्धेपर्यंत येजो, तिथून देवळीची गाडी भेटते. भांडेकुंडे आणू नको, दोन पातेले अन् तवा मी घेऊन ठेवला. चूल तुझी तू घाल, मी घातली तर तुले आवडणार नाई. जळणाले पऱ्हाट्याचा भारा मागच्या दाराशी टाकला आहे. सुलीचं नाव शाळेत सांगून ठेवलं.

काल प्रभाकरराव शेवटचं पाह्याले आलते. खिडक्या मोजल्या, संडासाचं अंतर मोजलं. बाहेर बसून जोत्याले टेप लावला. दीड फुटाच्या वर दोन बोटं भरलं. ते म्हणाले, "तुम्ही नियमापेक्षा जास्तच केलंत." मग आत येऊन फरशीवर मांडी घालून बसले अन् कागद भराले घेतला. घर पास झालं, कोकिळा. आता हे कमेटीच्या दप्तरीही घर आहे.

कागदात त्याईले लिहाचं होतं, राहणारे किती. पेन धरून विचारलं, "दोन्ही घरं मिळून किती माणसं राहणार?"

मी म्हणलं, "चार."

त्याईनं बोटावर मोजलं. "तुम्ही एक. त्या दुसऱ्या बाई, त्यांची मुलगी. तीन झाली."

"चार लिहा, साहेब."

"चौथं कोण?"

मी म्हणलं, "लहान आहे."

त्याईनं माझ्याकडं पाह्यलं. मग त्या कोपऱ्याकडं पाह्यलं, जिथं मी मागं एक खाटेएवढी जागा मागतली होती. त्याईले काय समजलं, मले माहीत नाई. चार लिहिलं, खाली सही केली अन् कागद वाळाले हातात धरून बसून राह्यले. चहा घेऊन गेले.

वर्धेच्या गाडीत गर्दी असते. तू आंधी चढजो. सुलीले मांडीवर घेजो अन् खिडकीपाशी एक जागा मोकळी ठेवजो. कोणी बसाले लागलं तर सांगजो, येणारं माणूस आहे.

तुझी
यशोदा